बंद ठेवलेले चार दिवस

रुग्णालयातल्या लोकांनी त्याचं नाव दोनटक्के ठेवलं होतं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की नव्या नर्स त्याला आडनावच समजायच्या, आणि एका औषध कंपनीने तर नववर्षाचं कॅलेंडर 'श्री. दोनटक्के यांस' असं लिहून पाठवलं होतं.

कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारं मशीन तपासायचं हे त्याचं काम. रोज सकाळी सहाला, पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी, तो त्या जाड भिंतींच्या खोलीत शिरायचा. दार उघडलं की किरण बंद पडतात ना, भिंतींवरून येणाऱ्या लेसरच्या रेषा बरोबर ठरल्या जागी छेदतात ना, आणि शेवटी, मशीन म्हणतं तेवढेच किरण खरोखर बाहेर पडतात ना, हे सगळं मोजायचा. रोजच्या तपासणीत तीन टक्क्यांचा फरक नियमाला चालत होता. याला चालत नव्हता. "नियम तीनचा आहे, मी दोनचा," असं म्हणून तो मशीन पुन्हा जुळवायला बसायचा, आणि बाहेर टेक्निशियन बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

हे वळण त्याला ताईने लावलं होतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधराची. आंघोळ, डबा, शाळेच्या फॉर्मवरची पालकाची सही, सगळं तिनेच केलं. पुढे ती गणिताची शिक्षिका झाली. आवाज असा खणखणीत, की ती एका वर्गात रागावली तर शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा सरळ बसायची.

तोच आवाज एका वर्षी बसला. "खडूची धूळ गं बाई, दुसरं काय," म्हणत तिने पाच महिने काढले. तपासणी झाली तेव्हा घशातली गाठ चांगलीच वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी पस्तीस वेळा किरण द्यायचे ठरवले, आठवड्यातून पाच दिवस. शहरात मशीन एकच होतं. त्याचं.

पहिल्या दिवशी ताईने मशीनभोवती एक फेरी मारली. "हेच का ते? बायकोपेक्षा जास्त वेळ तू याच्यापाशी काढतोस म्हणे." मग तिच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला जखडला, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. बाहेर आल्यावर गालांवर चौकटी उमटलेल्या. "चाळणीत तोंड अडकल्यासारखं वाटतं," ती म्हणाली, आणि भाऊजींना हसवण्यासाठी तेच पुन्हा म्हणाली. भाऊजी शिंपी होते, मितभाषी. ते हसले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तिचा घसा आतून सोलून निघाला, पाण्याचा घोटही जाईना. बोलणं बंद झालं. मग ती पिशवीत वही ठेवू लागली आणि हवं ते लिहून दाखवू लागली.

बाविसाव्या खेपेच्या दिवशी सकाळी आकडा साडेचार टक्क्यांनी जास्त आला.

त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. त्याने पाण्याची टाकी आणली, तिच्यात बोटाच्या पेराएवढं मोजण्याचं उपकरण सोडलं, पुन्हा मोजलं. साडेचारच. अर्ध्या तासाने सहा टक्के. मशीनच्या डोक्यात किरण मोजणारा जो भाग असतो, तोच कमी मोजत होता, त्यामुळे मशीन जास्त किरण सोडत होतं. फरक एकाच जागी थांबला असता तर त्याने तेवढं जुळवून घेतलं असतं. पण तो वाढत होता. कुठे थांबेल, ते सांगता येत नव्हतं.

विभागप्रमुख धावत आले. "आजचा दिवस कसाबसा ढकलू या ना. थोडं कमी करून द्या."

"कशातून कमी करू, सर? दर अर्ध्या तासाला आकडा बदलतोय."

टेक्निशियन बाई दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आज ताईंचा बाविसावा आहे."

ते त्याला वेगळं सांगायला नको होतं. घशाच्या गाठीला मध्ये उसंत मिळाली की ती पुन्हा जोर धरते, हे त्याने स्वतः नव्या लोकांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. एकेक दिवस महत्त्वाचा असतो. त्याने किल्ली काढून खिशात घातली आणि नोंदवहीत लिहिलं: मशीन बंद.

बाहेर एकतीस माणसं बसली होती. त्याने स्वतः जाऊन सांगितलं. एकच गलका झाला. एका म्हाताऱ्याने त्याची बाही धरली. "आम्ही चार तास प्रवास करून येतो! तुमच्या घरचं माणूस असतं तर केलं असतं का बंद?"

तेवढ्यात कोपऱ्यातून ताई उठली. भाऊजींनी तिला धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. वहीत काहीतरी लिहिलं, आणि वर्गात फळा दाखवावा तशी ती वही छातीशी धरून सगळ्यांपुढे उभी राहिली.

'हा माझा भाऊ आहे. माझंही थांबलंय.'

म्हाताऱ्याने बाही सोडली.

सुटा भाग यायला, बसवायला आणि मशीन पुन्हा पारखून घ्यायला चार दिवस लागले. तेवढ्या दिवसांत दुसऱ्या गावच्या मशीनवर सगळी आखणी नव्याने करणंही शक्य नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने मशीन सुरू करायला सही केली. बुडलेल्या खेपा भरून काढायला ताईला चार दिवस दिवसातून दोनदा किरण घ्यावे लागले, मध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. तो वेळ ती त्याच्या खोलीतल्या बाकावर पडून काढायची. तो आकडेमोड करत असला की मिटल्या डोळ्यांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवायची.

सात महिन्यांनी गाठ परतली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी किरणांचं नावही काढलं नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि तो समजला. ताई घरीच गेली, एका दुपारी, खिडकीशी, भाऊजी शेजारी शिलाई करत असताना. त्यांनी दोरा तोडून वर पाहिलं तोवर सगळं संपलं होतं.

सगळे पांगल्यावर भाऊजी त्याला एवढंच म्हणाले, "ते चार दिवस."

त्याने ताईची सगळी कागदपत्रं काढली. प्रत्येक खेपेचा हिशेब पुन्हा मांडला, तीन आठवडे. खरं सांगायचं तर त्याला चूक सापडायला हवी होती. स्वतःची का होईना. मग निदान दुःखाला एक जागा मिळाली असती. पण सगळं बरोबर निघालं. बिघाडाआधीची असो की दुरुस्तीनंतरची, एकही खेप एका टक्क्यानेही चुकली नव्हती.

मग तो भाऊजींकडे गेला. ते कुणाच्या तरी सदऱ्याची बटणं लावत होते.

"खरं सांग," ते मान वर न करता म्हणाले. "ते चार दिवस गेले नसते, तर ती वाचली असती?"

"माहीत नाही, भाऊजी."

"तुझ्याकडे तर सगळ्याचा आकडा असतो."

"हजार माणसांचा असतो. एकट्या ताईचा नाही."

"आणि चालू ठेवलं असतंस तर?"

"घसा आणखी जळला असता, कदाचित. बाही धरणाऱ्या त्या म्हाताऱ्यालाही भाजलं असतं. तेही नक्की नाही सांगता येत."

भाऊजींनी सुई सदऱ्यात टोचून ठेवली. "तिने तुला एका शब्दाने दोष दिला नाही," ते म्हणाले. "मी मात्र दिला. मनातून अजून जात नाही रे. जावं असं वाटतं, पण जात नाही."

"राहू द्या," तो म्हणाला. "माझ्याही मनातून जात नाही."

पुढे भाऊजी दुकान आवरून धाकट्या भावाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. तो अजून सहाला कामावर जातो. दोनच टक्के धरतो, तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. कुणी कौतुक केलं तर विषय बदलतो. रविवारी भाऊजींना फोन करतो. गुडघे कसे आहेत, पाणी वेळेवर येतं का, असलं काहीबाही. ताईचं नाव दोघंही काढत नाहीत. एकदाच भाऊजी बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, "आत्ता तुझी ताई असती ना, तर..." आणि पुढे त्यांना बोलवेना. फोन कानाला लावून दोघंही कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. आधी फोन ठेवणं कुणालाच जमेना.