आधी नक्कल, मग अपग्रेड

खिदिरपूर बंदरातल्या आमच्या शिपिंग ऑफिसातला सर्व्हर इतका जुना, की हुगळीत शिडाची जहाजं यायची तेव्हा त्यांचेही कागद त्यानेच काढले असणार. त्याचा पंखा फिरू लागला की डमडमच्या विमानतळावर विमानं उतरायला घाबरत. पण कंटेनर बाहेर काढायचा गेटपास त्याच्याशिवाय छापला जात नसे. तो बसला की ट्रकांची रांग थेट आसनसोलपर्यंत, आणि शिव्या खायला मी. कारण त्याच्यावरचं लिनक्स सांभाळणारी मी एकटी.

एकदा वरून हुकूम आला, लिनक्सची नवी आवृत्ती टाका. आमचे मॅनेजर दारातूनच गरजले, "दीदी, आजच टाका!"

"आज नाही. आधी डिस्कची हुबेहूब नक्कल काढते, तसल्याच जुन्या मशीनला लावते आणि अपग्रेड तिच्यावर करून बघते. मरायचंच असेल तर नक्कल मरू दे."

"एक बटण तर दाबायचं! माझ्या पुतण्यानं घरी चहा पिता पिता केलं."

"मग पुतण्याला बोलवा. पासवर्ड मात्र माझ्या डोक्यात आहे. डोकं उतरवून नेता का?"

मी सर्व्हरसमोर डबा उघडून ठाण मांडलं. मला उठवायला क्रेन लागली असती, आणि बंदरातल्या सगळ्या क्रेन कामात होत्या.

नकलेवर अपग्रेड झालं. मशीन झोकात सुरू झालं, पण नेटवर्कवर येईना. नव्या लिनक्सनं नेटवर्क कार्डाचं नावच बदललं होतं, आणि सेटिंग्ज बिचाऱ्या जुन्याच नावानं हाका मारत बसलेल्या.

"हे खऱ्या सर्व्हरवर झालं असतं तर?" मॅनेजरांचा आवाज खाली आला.

"तर ट्रकवाले आत्ता तुमचा उद्धार करत असते. आईबहिणीसकट."

मी सेटिंग्ज दुरुस्त केल्या. नकलेवरून गेटपास छापला गेला, तसा त्यांचा आवाज परत चढला. "झालं ना? आता खऱ्यावर करा!"

"नाही. हिला ठोकून ठोकून सरळ केलंय. आता नवी नक्कल, पहिल्यापासून. ती एका दमात चालली, तरच."

"मी वर तक्रार करीन!"

"करा. माझं आडनाव नीट लिहा, इथे सगळे चुकवतात."

दुसरी नक्कल एका दमात पार पडली. मग रविवारी, गेट बंद असताना, मी खऱ्याला हात लावला. सोमवारी पहिला ट्रक पास घेऊन बाहेर पडला, तेव्हा मॅनेजर फोनवर वरच्यांना सांगत होते की नकलेचा आग्रह मुळात त्यांचाच होता.

मी फोन संपेपर्यंत दारात उभी राहिले.

"तुमच्या आग्रहासाठी आणखी एक डिस्क लागेल," मी मागणीचा कागद पुढे करत म्हणाले. "करा सही."