भिंतीला टेकवलेला तळहात

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत कुणी काहीही विकत घ्यायला निघालं, की माझा हा शेजारी चपला घालून तयार. ओझरच्या कारखान्यात नोकरी, म्हणून यंत्रातलं फक्त आपल्यालाच कळतं हा त्याचा ठाम समज. मी होम थिएटरसाठी स्वस्तातला सबवूफर, म्हणजे बेसचा घुमणारा स्पीकर, घ्यायला निघालो, तेव्हाही न बोलावता आला.

दुकानात त्याने प्रत्येक सबवूफरवर बोट वाकवून टकटक केलं. मग गाणं लावायला सांगितलं आणि दुकानाच्या भिंतीला तळहात टेकवून डोळे मिटले. मला आवडलेला मोठा लाकडी सबवूफर वाजला, तेव्हा चटका बसावा तसा हात काढला. "नुसता दणका आहे हो हा! तो छोटा घ्या. गोडवा बघा त्याचा!"

मी गाढवासारखा छोटा घेतला. घरी तो रिकामा डबा बडवल्यासारखा वाजतो.

दोन महिन्यांनी एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरातली ताटं थरथरायला लागली. त्याने तोच मोठा सबवूफर आणून आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीला लावला होता! मी तणतणत जाऊन बेल दाबली. "आता कुठे गेला तुमचा गोडवा?"

वरमेल तर शपथ. उलट उत्साहाने माझ्याच घरात शिरला, भिंतीला तळहात टेकवला, डोळे मिटले.

"वा! तुमच्याकडेही किती छान बेस येतोय," म्हणाला. "तुमचा तो छोटा मात्र बंद ठेवत जा. मधे मधे कडमडतो."