गच्चीवरचं पाणी वाळेपर्यंत

लॉनवर तणाचं औषध मारायचं तर सगळ्यात आधी काय मोजायचं, असं कुणालाही विचारा, तो म्हणेल औषध. आमचे हे म्हणायचे, "औषध मागाहून. आधी माणूस मोजायचा."

म्हणजे माणसाची चाल. पाठीवरच्या पंपातून पाणी आपलं एका वेगाने बाहेर पडत असतं. गवतावर किती पडणार ते चालणाऱ्याच्या पायांवर. भरभर गेलात तर तण मरत नाही, रेंगाळलात तर तणाबरोबर गवतही जळतं. म्हणून पहिल्यांदा टाकीत नुसतं पाणी भरायचं, दोरी लावून जमिनीचा एक तुकडा आखायचा, त्याच्यावर आपल्या नेहमीच्या चालीने फवारत जायचं आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरायला किती पाणी लागलं ते बघायचं. एवढ्या जागेला एवढं पाणी, मग त्यात औषध किती. आणि खरं औषध मारायच्या दिवशी तीच चाल ठेवायची, इकडे नाही तिकडे नाही. मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण एवढं मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

सरकारी कारखान्यातली इंजिनियरची नोकरी संपली आणि ह्यांनी येलहंक्याला घर बांधलं. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं ती. पुण्याहून नातेवाईक आले की विचारायचे, "बंगलोरला राहता म्हणता, पण बंगलोर अजून यायचंय की मागे गेलं?" इतकं लांब. एका अंगाला शेजारीण, दुसऱ्या अंगाला आणि समोर मोकळ्या साइटी, म्हणजे न बांधलेले प्लॉट, त्यात गाजरगवत. वरून विमानतळावरची लष्करी विमानं. ह्यांना मात्र एकच हौस होती. कारखान्याच्या वसाहतीत मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढे लॉन असायचं, माळी असायचा. हे म्हणाले, माझं लॉन असेल आणि माळी मीच. वरणभातात मीठ जास्त झालं तर कळत नसे ह्यांना, पण लॉनमध्ये रुंद पानाचं एक रोप उगवलं की खिडकीतून दिसायचं.

पहिल्या वर्षीचा तो मोजणीचा दिवस. हे स्वयंपाकघरात येऊन माझं दुधाचं माप उचलायला लागले.

"हात तर लावून बघा," मी म्हटलं.

"अगं, नुसतं पाणी मोजायचंय."

"आज पाणी, उद्या औषध. परवा तुमचा चहा त्याच मापाने करते."

गेले मुकाट्याने आणि प्लॅस्टिकचा मग घेऊन आले. भिंतीपलीकडून शेजारीण डोकावली. आम्ही दोघी एकमेकींना अक्का म्हणायचो. मोठी कोण हे कधी ठरलंच नाही. ती कानडीत म्हणाली, "अक्का, यजमान गवताला आंघोळ घालतायत का? स्वल्प साबण देऊ?" हे हसले नाहीत. डाव्या हाताने पंपाचा दांडा खालीवर, उजव्या हातात फवारायची नळी, तिच्या मुठीवरची कळ बोटांनी दाबलेली, आणि पावलं अशी की खाली आखणी केलीय. दोन पावलांना एक दांडा. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते, आणि त्या तालावर माझाही हात कधी पडायला लागला ते मला कळलं नाही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी लॉन असं झालं की अक्का पाहुण्यांना भिंतीवरून दाखवायची. हे ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचे.

नंतरच्या साली डाग पडले.

औषध मारलं की आठवड्याभरात तण माना टाकतं. त्या वेळी तणाने टाकल्या आणि गवतानेही टाकल्या. सगळीकडे नव्हे. जिथे ओळ संपते आणि माणूस वळतो, तिथे परातीएवढे पिवळे डाग. एक तर अगदी मधोमध, ओळ चालू असताना.

"विमान गेलं असेल. बघायला थांबलो असेन," हे म्हणाले.

"एवढी विमानं त्या दिवशी कुठे आली होती?" मी म्हटलं.

हे गुडघ्यावर बसून एका डागातलं गवत बोटांनी बाजूला करून बघत राहिले. मग म्हणाले, "नोझल गेलंय." नोझल म्हणजे नळीच्या टोकाचं ते तोंड, ज्यातून फवारा पसरतो. ते झिजलं की पाणी जास्त सुटतं. झालं. सगळा दोष नोझलचा.

चिकपेटेत गेलो. बसने मॅजेस्टिकला उतरून तिथून पायी. आमचं बाजारात जाणं म्हणजे हे चार दुकानं पुढे आणि मी मागून "अहो, थांबा" करत. त्या दिवशी मी एका साडीच्या दुकानापाशी पोचले आणि मागे बघते तर हे नाहीत. खूप मागे होते. गर्दीत लहान लहान पावलं टाकत येत होते, आणि उजवा हात अंगाला चिकटलेला, चालताना हलतच नव्हता. मला वाटलं, खिशातलं पाकीट सांभाळतायत.

दुकानदाराने जुनं नोझल उजेडात धरलं. "सार, हे चांगलं आहे. भोक नीट आहे."

"भोक डोळ्याने कळत नाही. मोजावं लागतं."

"मग मोजा सार, मी कुठे नको म्हणतो? नवं पितळी देऊ?"

घेतलं पितळी. गवत पुन्हा धरल्यावर हे नव्या नोझलने पुन्हा फवारायला निघाले. त्याआधी परत दोरी, परत पाणी, परत हिशोब. मोजणी अगदी बरोबर आली. मोजताना हे सगळा जीव पायात आणून चालायचे ना. औषधाच्या दिवशी मात्र पुन्हा डाग पडले. आणखी मोठे.

आता शर्टाची बटणं लावायला ह्यांना वेळ लागायचा. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी हे उभे राहायचे, काहीतरी विसरल्यासारखे, आणि मग एकदम आत जायचे. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ या. तर म्हणाले, "पंप बिघडला तर डॉक्टर काय करणार?"

मग एका सकाळी म्हणाले, "गच्चीवर घेऊ. सिमेंटवर काही लपत नाही."

ती परीक्षा त्यांनी मला पूर्वीच समजावलेली होती. कोरड्या सिमेंटवर नुसतं पाणी फवारत जायचं आणि मग वाळताना बघायचं. नोझल खराब असेल तर पूर्ण ओळभर एक जाड ओली रेघ मागे राहते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नोझल चांगलं असेल तर पट्टा सगळीकडे एकदम वाळतो.

मी गच्ची झाडून दिली. वाळवणाच्या पाटावर मिरच्या होत्या त्या उचलल्या. ह्यांनी पंप पाठीवर घेतला, दांडा मारला आणि निघाले. एक ओळ, वळून दुसरी, वळून तिसरी. मी जिन्याच्या दारात उभी होते. ह्यांचे पाय मला दिसत होते. वळताना पाय जमिनीला खिळ्याने ठोकल्यासारखे थांबत होते, आणि नळीतून पाणी येतच होतं. ह्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

पंप उतरवून हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ऊन चांगलं होतं. आधी पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या, मग मधला भाग. पट्टे कसे एकसारखे वाळत गेले म्हणून सांगू! कुठे रेघ नाही, काही नाही. आणि मागे राहिले ते गोल. प्रत्येक वळणाला एक, आणि मध्ये दोन. काळे, ओले, चमकणारे.

मी म्हटलं, "तिथे सिमेंट जरा खोल असेल. पाणी साचत असेल."

"नाही."

"सावली येते टाकीची."

"सावली तिकडे पडते." मग म्हणाले, "नोझल बरोबर आहे."

एवढंच म्हणाले. शेवटचा गोल वाळेपर्यंत हे तिथून हलले नाहीत. हलायचं नव्हतं म्हणून, की हलता येत नव्हतं म्हणून, हे मी विचारलं नाही. वाळल्यावर गच्ची पहिल्यासारखी कोरडी ठक्क. काही घडलंच नाही असं वाटावं.

इंदिरानगरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. ह्यांचे हात कापत नव्हते म्हणून मी हुज्जत घातली, तर ते म्हणाले, सगळ्यांचे कापतातच असं नाही, काहींचे पाय अडतात. गोळ्या दिल्या. आणि म्हणाले, चालताना कुणी ठेका दिला तर पाय सुटतात, करून बघा.

ठेका म्हणजे काय देणार मी? टाळ्या वाजवून बघितल्या, ह्यांना राग आला. "मी काय माकड आहे?" मग मी पाढे म्हणायला लागले. पाढ्यांत मी पहिल्यापासून ह्यांच्यावर वरचढ. ह्यांना कागद लागायचा, मला पावकी-निमकीसुद्धा तोंडपाठ, त्यावरून मी ह्यांना आयुष्यभर चिडवलेलं. फाटकापासून पायरीपर्यंत मी "सात एके सात, सात दुणे चौदा" म्हणत चालायचे आणि हे माझ्या बाजूने. खरंच चालायचे हो! एकसारखे. अक्का भिंतीवरून म्हणायची, "शाळा भरली का?" आणि हे तिला म्हणायचे, "मास्तरीण फार कडक आहे." किती तरी दिवसांनी थट्टा केली होती ह्यांनी. मला वाटलं, निभावलं.

म्हणून पुढच्या फवारणीला मी नाही म्हटलं नाही. मी कडेच्या फरशीवरून, हे गवतावरून. गमबूट, हातमोजे, तोंडाला फडकं, सगळं नीट. पहिल्या दोन ओळी सुरेख झाल्या. तिसऱ्या ओळीला मी "सात पंचे पस्तीस" म्हणत टोकाला पोचले आणि बाजूला पाऊल ऐकू येईना. वळून बघते तर हे मधोमध उभे. पाय थांबलेले, डावा हात मात्र दांडा मारतच होता, आणि नळीचं तोंड खाली, स्वतःच्याच पायांवर. औषध बुटांवरून वाहून विजारीला भिजवत होतं.

"अहो, सोडा ते!"

"सुटत नाहीये," हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "अगं, बोट सुटत नाहीये. तू बंद कर."

मी धावले. ह्यांचं एकेक बोट उलगडून नळी काढून घेतली. अक्का भिंतीशी होती. तिने तिचा पाण्याचा पाइप चालू करून भिंतीवरून माझ्याकडे टाकला. मी ह्यांना पायरीवर बसवून बूट काढले, पोटऱ्या साबणाने पुन्हा पुन्हा धुतल्या. वरून विमान गेलं. ह्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर पंप कोपऱ्यात राहिला. लॉनमध्ये तण आलं. गाजरगवत कुंपणाखालून आत शिरलं. मी म्हटलं, काढून टाकू सगळं, फरशी घालू, तुम्हाला चालायला बरं. मग एके सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "तू मार."

"मला नाही येत."

"येतं. दोरी लाव."

मी साडी खोचली, वरून ह्यांचा जुना शर्ट, ह्यांचे गमबूट, बोटांकडे कागदाचे बोळे. हे खुर्चीतून सांगत होते. डावीकडे घे. नळी गुडघ्याएवढी वर धर. दोन पावलांना एक दांडा. मी पाण्याने चालून दाखवलं, मग टाकी भरताना मगांनी मोजलं. ह्यांनी हिशोब तोंडानेच केला, कागद मागितला नाही. औषध किती ते मला सांगितलं आणि म्हणाले, "माझ्या हिशोबापेक्षा वेगळं येणारच. हा तुझ्या पायांचा हिशोब आहे." मग तशीच मी फवारणी केली. पाढे म्हटले नाहीत. ह्यांना ऐकू गेले असते.

आठवड्याने तण सुकलं. पंधरवड्याने लॉन हिरवंगार. मी रोज सकाळी चहाआधी बाहेर जाऊन बघायचे. वळणांशी वाकून बघायचे. वाटायचं, कुठेतरी एक डाग पडला असेल. पहिल्यांदाच मारलं होतं मी, एखादा तरी पडायला हवा होता. वाटीएवढा चालला असता. नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रंग.

एक दिवस ह्यांना खुर्चीसकट व्हरांड्याच्या कडेला आणलं. ह्यांनी सगळीकडे नजर फिरवली, पूर्वी फिरवायचे तशी, ओळीओळीने.

"तुझी चाल एकसारखी आहे," म्हणाले. कुणाबद्दल राग नाही, काही नाही. पंपाबद्दल सांगावं तसं. मग म्हणाले, "खुर्ची वळव. रस्त्याकडे."

मी वळवली. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोर मोकळी साइट होती आणि तिच्यात कमरेएवढं गाजरगवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. जेवायला हाक मारेपर्यंत हे तिकडेच बघत बसले होते.