ड्रिलमास्तरांनी बंद केलेला शब्द

खेळ ऐन रंगात आलेला असताना आमचे ड्रिलमास्तर मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसत. सहा फूट उंची, पिळदार मिशा, खाकी अर्धी चड्डी. असा माणूस कबड्डीच्या मधल्या रेघेवर बसला की पोरांना पुढं खेळताच येत नसे. पाचोऱ्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला नव्यानं रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मला वाटलं, मास्तरांना भोवळ आली. पाण्याचा तांब्या घेऊन मी धावत गेले. मास्तर शांतपणे म्हणाले, "पाणी नको बाई. कुणीतरी शब्द बोललंय. तो परत घेतला की उठतो."

शब्द होता 'बायल्या'. चढाईला गेलेला गडी बिचकून परतला, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाचा आवाज बारीक निघाला, की पोरं तो सहज फेकत. मास्तरांच्या मैदानावर तसं बरंच चालायचं. रेडा, ठोंब्या, गाढव ही नावं ते स्वतःच सढळ हातानं वाटत. हा एक शब्द मात्र नाही. ज्यानं तो उच्चारला असेल त्यानं पुढं यायचं आणि ज्याला म्हटलं त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. मग मास्तर चड्डीची धूळ झटकत उठत आणि शिट्टी वाजवत. शिक्षा कधीच केली नाही.

शिक्षकांच्या खोलीत याची थट्टा चाले. गणिताचे सर एकदा म्हणाले, "अहो, पोरं गमतीनं म्हणतात. तुम्ही उगाच बाऊ करता."

मास्तर म्हणाले, "ज्याला म्हटलं त्याला हसू आलं का, एवढं विचारून या सर. आलं असेल तर मीही गंमत म्हणेन."

गणिताचे सर काही विचारायला गेले नाहीत. उलट थोड्याच दिवसांनी त्यांच्याच वर्गात तो प्रकार घडला. नववीत प्रकाश नावाचा मुलगा होता, बाजारातल्या कापडाच्या व्यापाऱ्याचा, कांतिलालशेठचा. नाजूक चणीचा, बोलताना हात हलवायची सवय. स्नेहसंमेलनाला रंगमंचासमोरची रांगोळी तोच काढायचा. फळ्यावर गणित अडलं तेव्हा सर त्याला म्हणाले, "उद्या येताना बांगड्या भरून ये आणि मुलींच्या बाकावर बस." वर्ग हसला. सरही हसले आणि पुढच्या गणिताला लागले. दुसऱ्या दिवसापासून प्रकाश शाळेत आला नाही.

मास्तरांनी मला गाठलं. "बाई, माझ्याबरोबर त्याच्या दुकानी चला. मला एकट्याला बघून पोरगं घाबरेल."

शेठजींनी गादीवर जागा दिली, चहा मागवला. प्रकाश कुठं दिसेना. शाळेचा विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला. "काय सांगू मास्तर, लोक नावं ठेवतात. दुकानावर बसवला तर गिऱ्हाईकं चाळे करतात, त्याच्यासारखे हात हलवून दाखवतात. म्हणून मागं गोदामात बसवतो. तिथं कुणी बघत नाही."

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यानंतर ते जे बोलले ते मीही प्रथमच ऐकत होते.

"शेठजी, मला धाकटा भाऊ आहे. रघुनाथ. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेकाठी. त्याचा एक सोबती होता, हरी. दोघांचा एकमेकांवर जीव. रघुनाथ म्हणाला, मी लग्न करणार नाही. झालं, गावानं त्याचं नावच टाकलं. पारावर, विहिरीवर, जो तो त्याला तेवढा एकच शब्द म्हणायचा. तो ऐकून घ्यायचा. एका सकाळी आम्ही बैल जुंपत होतो. त्याचा हात सटकला नि जू खाली आलं. मी म्हणालो, राहू दे रे बायल्या. रागावलो नव्हतो मी. सहज म्हणालो. त्यानं जू उचलून मला दिलं, घरात गेला, आईच्या पाया पडला आणि निघून गेला. काही दिवसांनी हरीही गेला. गावाचं ऐकून तो गेला नसता, शेठजी. माझ्या तोंडून ऐकलं म्हणून गेला."

"आता कुठं आहे?" शेठजींनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. दर सुट्टीत हिंडतो. सुरत झालं, नाशिक झालं. माझा भाऊ मला सापडत नाही. तुमचं पोरगं भिंतीपलीकडं बसलंय, तेवढं बाहेर काढा."

मग कांतिलालशेठ गोदामाच्या दाराशी गेले. "प्रकाश, बाहेर ये बेटा. सर आले आहेत. इथं माझ्याजवळ बस." प्रकाश आला आणि वडिलांच्या गादीच्या कडेला बसला. त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. शेठजींनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ती मुकाट्यानं धोतरं निवडू लागली.

आम्ही निघताना शेठजी म्हणाले, "मास्तर, आमची माणसं व्यापारानं चारी दिशांना आहेत. विचारपूस करतो."

मास्तरांच्या परवानगीनं मी ही हकिगत गणिताच्या सरांना सांगितली. ते ऐकत राहिले आणि खडू उचलून तासाला निघून गेले. प्रकाश शाळेत परतला त्या दिवशी त्यांनी त्याला पुन्हा फळ्याशी बोलावलं आणि तेच गणित शेजारी उभं राहून त्याच्याकडून सोडवून घेतलं. "शाब्बास प्रकाश," म्हणाले. माफी मागणं त्यांच्या पिढीला जमत नसे. त्यांना जमलं ते एवढं.

पुढच्या उन्हाळ्यात कांतिलालशेठ भर दुपारी छत्री घेऊन शाळेत आले. बुऱ्हाणपूरला माल घ्यायला गेलेल्या त्यांच्या साडूला सायकल दुरुस्तीचं एक दुकान दिसलं होतं. चालवणारे दोघं जण भडगावकडचे, एक रघुनाथ, एक हरी. मास्तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं बुऱ्हाणपूरला गेले.

परतल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला भाऊ?"

"मी दुकानासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, रघुनाथ, माझं चुकलं. तर तो म्हणाला, भाऊ, बसा, चहा गार होतोय." मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "घरी चल म्हटलं. एकटा येणार नाही म्हणतो."

"मग?"

"मग काय, दोघं येतील."

दिवाळीला दोघं आले. मास्तरांची आई तेव्हा त्यांच्याजवळ पाचोऱ्यातच राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. रघुनाथ आईच्या पायाशी बसून होता आणि हरी उंबऱ्याबाहेर चपला काढून तसाच उभा. आत यावं की नाही, त्याचं ठरत नव्हतं. अक्कांना नीट दिसत नसे. त्यांनी रघुनाथचा चेहरा चाचपला, मग दाराकडं मान वळवून आपल्या अहिराणीत हाक दिली. "हरी शे ना तठे? मधमां ये रे भो. बठ्ठा जेवाले बसा." हरी आत येऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसला. वाढताना अक्कांनी पहिली पुरणपोळी त्याच्या ताटात घातली.

पुढं मी धुळ्याच्या शाळेत गेले. मास्तर निवृत्त झाले तेव्हा मी समारंभाला आवर्जून पाचोऱ्याला आले. पहिल्या रांगेत अक्का नव्हत्या, त्या तोवर वारल्या होत्या. पण रघुनाथ आणि हरी होते. पाहुण्यांची ओळख करून देणारे शिक्षक रघुनाथपर्यंत ठीक आले आणि हरीपाशी अडखळले. मास्तर खुर्चीतून उठले. त्यांना ध्वनिक्षेपक कधीच लागला नाही. म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ रघुनाथ. आणि हे हरीभाऊ, त्याच्या घरचे."

मागं कुठंतरी खसखस पिकली. मग थकलेले गणिताचे सर काठी टेकत उठले, शाल-श्रीफळाच्या तबकातला एक हार उचलला आणि सावकाश चालत जाऊन हरीभाऊंच्या गळ्यात घातला. टाळ्या प्रथम प्रकाशनं वाजवल्या. तो आता वडिलांचं दुकान सांभाळत होता आणि त्या दिवशीची सगळी सजावट त्याचीच होती. मग सभागृहानं वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी.

संध्याकाळी मास्तर मला स्टेशनवर पोचवायला आले. मला चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला जायचं होतं. माझी पिशवी खिडकीतून आत देत त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत पोरांना नावानं हाक मारतात ना?"

खोटं बोलवेना. "सगळ्यांना नाही मारत, मास्तर."

"मग चाळीसगावला धुळ्याची गाडी चुकवू नका. सकाळी हजेरी तुम्हीच घ्यायला हवी," ते म्हणाले.