दोन गाड्यांचा एकच पास

डोरीन निएमेला बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. एल्क क्रॉसिंग गावात तिशीच्या आतलं कुणीही भेटलं, तरी ते कधी ना कधी तिच्या बसमध्ये बसलेलं असायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बस कुलूपबंद करून घरी निघाल्यावर, हातमोजे विसरले म्हणून ती परत आली आणि शेवटच्या सीटखाली तिला पाच वर्षांची एक मुलगी गाढ झोपलेली सापडली. बाहेर बर्फ पडत होता. हातमोजे आठवले नसते तर काय झालं असतं, हा विचार त्या दिवशी तिच्या डोक्यात शिरला तो कायमचाच. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर ती वाकून वाकून एकेक सीट बघत शेवटपर्यंत जायची. घरीही तेच. गॅस दोनदा बघायची, दार तीनदा.

"अगं, त्या दाराला तरी झोपू दे," तिचा नवरा रस्टी म्हणायचा. तो देवदाराच्या लाकडाच्या गिरणीत होता. पाठीचं दुखणं लागल्यापासून घरीच असायचा, आणि बायकोच्या काळजीची थट्टा करणं हेच आता त्याचं काम होतं.

या काळजीचं सगळ्यात मोठं नाव होतं काइसा. एकुलती एक मुलगी, दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस. दोन वर्षांपूर्वी तिने जुनी मोटरसायकल विकत घेतली, त्या रात्री डोरीन जेवली नव्हती.

गावाच्या वरचं सगळं जंगल सरकारी. तिथे गाडी लावायची तर वॉशिंग्टन राज्याचा पास लागतो. एका पासवर दोन गाड्यांचे नंबर लिहिता येतात, पण पास एकच, म्हणून तो एका वेळी एकाच गाडीवर. निएमेलांच्या पासवर वरच्या ओळीत पिकअप होती आणि खालच्या ओळीत मोटरसायकल. पिकअपमध्ये तो आरशाला लटकवला की झालं. मोटरसायकलवर मात्र पंचाईत. हँडलला बांधला तर कुणीतरी कापून नेतं, खिशात ठेवला तर तपासनिसाला दिसत नाही. मागच्या उन्हाळ्यात काइसाने तो जॅकेटच्या खिशात ठेवला, धबधब्यावर जाऊन आली, तर पेट्रोलच्या टाकीवर दंडाची चिठ्ठी.

डोरीनने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं.

"शाळेची बस चालवणाऱ्या बाईच्या घरात दंड! लोक काय म्हणतील?"

"आई, पास होता माझ्याकडे. खिशात होता."

"खिशात असला काय आणि नसला काय! पुन्हा अशी चिठ्ठी घरात आली ना, तर ती मोटरसायकल मी स्वतः विकीन. नियम म्हणजे नियम."

त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा आला. जो वर जाईल त्याने खिळ्यावरचा पास न्यायचा, आल्यावर परत तिथेच अडकवायचा.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी डोरीनला फुटबॉलच्या मुलांना घेऊन दुसऱ्या गावी जायचं होतं. पहाटेच ती पिकअप घेऊन बसच्या आगारात गेली आणि साडेतीनला परत आली. अंगणात वळतानाच तिने सवयीने सौनाच्या, म्हणजे गरम वाफ घ्यायच्या लाकडी खोलीच्या, धुराड्याकडे पाहिलं. धूर नव्हता. शनिवारी सौना पेटवायचं काम काइसाचं. आजोबा होते तेव्हापासून तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं, एकशे दोन ताप असतानासुद्धा.

टेबलावर चिठ्ठी होती. 'धबधब्यावर जातेय. तीनपर्यंत येते.'

"साडेतीन वाजलेत," डोरीन म्हणाली.

"मग अर्ध्या तासाचा उशीर," रस्टी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"शिकारीचे दिवस आहेत." तिने दारामागच्या खुंट्या बघितल्या. शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावा म्हणून घालायची नारिंगी बंडी नव्हती, म्हणजे पोरीने घातली होती. तेवढंच जरा बरं वाटलं. मग वरच्या डोंगरातून बंदुकीचा आवाज आला, पाठोपाठ आणखी एक, आणि ते बरं वाटणं संपलं.

चार वाजले. तिने स्वतःच सौना पेटवला. काड्या तीन वेळा विझल्या. साडेचार झाले. फोन लागत नव्हता, वर कुणाचाच लागत नाही, तरी तिने आठ वेळा लावला.

"डोरीन, ती चोवीस वर्षांची आहे. तुझ्या बसमधली नाही."

"बसमधली असती तर कुठे आहे ते मला कळलं असतं."

रस्टीने पेपरची घडी घातली, आणि तोही घाबरलाय हे डोरीनला त्या घडीवरून कळलं.

पाचला तिने शेरीफच्या कचेरीत फोन केला. त्या दिवशी कामावर कोल्टन बेअर्ड होता. लहानपणी बसमध्ये तिसऱ्या सीटवर दर सोमवारी ओकणारा कोल्टन. आता कमरेला पिस्तूल होतं. पाऊण तासाने त्याचा फोन आला.

"मिसेस निएमेला, तिन्ही पार्किंग बघून आलो. काइसाची मोटरसायकल कुठेच नाही. ती वर गेलीच नसेल. मैत्रिणीकडे गेली असेल शहरात."

"ती चिठ्ठीत खोटं लिहीत नाही, कोल्टन."

"तसं नाही म्हणत मी. पण गाडी नाही म्हटल्यावर माणसं जंगलात उतरवायची तरी कुठे? जरा वाट बघा. सकाळपर्यंत..."

"सहा सव्वासहाला अंधार पडतो," डोरीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती पिकअपकडे धावली. मागून रस्टी पाठ धरून आला आणि शेजारी बसला. तिने गाडी मागे घेतली, चाक वळवलं, आणि आरशाला लटकणारा पास तिच्या डोळ्यांसमोर हेलकावला.

तिने ब्रेक दाबला.

गुरुवारी ती वर अळंब्या वेचायला गेली होती. परत आली तेव्हा टोपलीभर पिवळ्या अळंब्या, चिखलाचे बूट, आणि रस्टी दारातूनच विचारत होता, "लोणी काढून ठेवू का?" पास आरशावरच राहिला. आज पहाटे पिकअपबरोबर तो आगारात गेला. काइसा उठली तेव्हा खिळा रिकामा होता.

"काय झालं?" रस्टीने विचारलं.

"तिच्याकडे पास नव्हता."

"मग?"

"मग ती पार्किंगमध्ये कशी लावेल? मी काय बोलले होते आठवतंय ना तुला?" तिने पास आरशावरून ओढून काढला. "तिने गाडी लपवलीय, रस्टी. माझ्या भीतीने लपवलीय."

बिनपासाचे मोटरसायकलवाले गाड्या कुठे लपवतात, हे कुणी उघड बोलत नसे. पण बसच्या उंच सीटवरून डोरीनला ते रोज दिसत होतं. जुन्या खाणीपाशी खडीचा ढीग होता. तिथली जमीन लाकूड कंपनीची, त्यामुळे पास लागत नाही. ढिगामागे गाडी आडवी लावली की खालून जाणाऱ्या मोटारीला दिसत नाही. तिथून तोडलेल्या झाडांच्या उतारावरून चढून गेलं की धबधब्याची वाट लागते. वाट म्हणायची एवढंच. फांद्या, बुंधे आणि त्यांच्यामध्ये खड्डे.

तिने कोल्टनला फोन करून दोनच वाक्यं सांगितली आणि गाडी सोडली. बावीस वर्षांत तिने कधी वेगमर्यादा मोडली नव्हती. त्या संध्याकाळी रस्टीने वरची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

ढिगामागे मोटरसायकल होती. डोरीनने इंजिनला हात लावला. थंडगार. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. उतार वर राखाडी होत चालला होता आणि त्याच्या कडेच्या झाडांमध्ये आधीच काळोख होता.

"काइसा!"

काही नाही. कुठेतरी दूर पाणी पडल्याचा आवाज.

"हॉर्न दे," रस्टी म्हणाला. "तीनदा दे आणि थांब. मध्ये थांबलं नाही तर तिचं कसं ऐकू येणार?"

तीनदा. मग थांबायचं. ते थांबणं डोरीनला सहन होईना. पुन्हा तीनदा. चौथ्या खेपेला उजवीकडून, त्यांना वाटलं होतं त्याच्या बऱ्याच खालून, कुणीतरी बुंध्यावर दगड आपटल्यासारखा ठक-ठक आवाज आला.

काइसा दोन ओंडक्यांच्या फटीत अडकली होती. दुपारी परत उतरताना कुजका ओंडका पायाखाली फिरला आणि घोटा खाली गेला. ओरडून ओरडून आवाज गेला होता. ओठ निळे पडले होते. फाटलेली नारिंगी बंडी तिने हाताला गुंडाळून उंच धरली होती, शिकाऱ्यांना दिसावी म्हणून.

डोरीन चिखलातच बसली. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात कोल्टन आणि आणखी दोघं करवत घेऊन पोचले.

"आई," काइसा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पास नव्हता खिळ्यावर. म्हणून मी..."

"माहितीय मला."

"दंड नाही लागलेला."

डोरीनला रडू आवरेना. "लागू दे गं. पन्नास चिठ्ठ्या आण. घराला चिकटवू आपण. फक्त गाडी लोकांना दिसेल अशी लाव."

"बाबा, हे लिहून घ्या," काइसा म्हणाली. "सोमवारी ही विसरेल."

"तू गप्प पड," रस्टी म्हणाला आणि त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

ओंडका कापायला वीस मिनिटं लागली. घोटा मोडला होता, अंग गारठलं होतं, पण पोरगी शुद्धीवर होती. ॲम्ब्युलन्समध्ये एकालाच बसता येत होतं. डोरीन आत चढायच्या ऐवजी दारातच उभी राहून स्ट्रेचरचे पट्टे पुन्हा पुन्हा तपासत राहिली. शेवटी आणखी उशीर नको म्हणून आतल्या बाईने दार लावून घेतलं.

पिकअपपाशी आल्यावर डोरीनला किल्ली घालता येईना. रस्टीने ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली आणि पाठ सांभाळत स्टिअरिंगमागे बसला. ती शेजारच्या सीटवर बसली, पुढे वाकून, दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर टेकून.

"त्यांच्या मागेच राहा," ती म्हणाली. "दिवे दिसत राहू देत. नाही, इतका जवळ नको. अजून थोडा... हां. असाच चल."