दादाचा संध्याकाळचा तास

वहिनींचा फोन आला तेव्हा शाळेत खिचडी वाढणं चालू होतं. मी मुखेडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. हातात पळी, पुढ्यात मुलांची रांग, म्हणून पहिल्यांदा फोन घेतलाच नाही. दुसऱ्यांदा घेतला, तर वहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचे दादा गेले..." लातूरला क्लासमध्ये शिकवता शिकवता दादा खुर्चीवर बसला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पन्नाशीही झाली नव्हती त्याची. त्या दिवशी उरलेल्या मुलांना खिचडी कुणी वाढली, ते मला आजही आठवत नाही.

याला आता दीड महिना झाला. लातुरात ज्यांची मुलं अकरावी-बारावी करून गेली, त्यांना दादा फिजिक्सचा सर म्हणून ठाऊक आहे. त्याच्या कडक शिस्तीचे किस्से पालक कौतुकानं सांगतात. भेटायला आलेल्या कितीतरी जणांनी मलाही सांगितले. मी मान हलवत राहिले. माझ्या मनात मात्र दुसरंच काही चाललं होतं, आणि ते कुणाला सांगावं असा प्रसंग तो नव्हता.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दादा लातूरला खोली करून बारावी करत होता. दगडमातीचं आमचं घर खाली बसलं. आई-बाबा त्यातच गेले, मला दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. दादा औशापर्यंत मिळेल त्या गाडीनं आणि पुढे पायी आला. मला पाहिल्यावर तो रडला नाही, नुसता माझ्या केसांतली माती काढत बसला. नंतर दीडेक वर्ष आम्ही काका-काकूंसोबत पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. वाऱ्यानं पत्रा वाजला की मी किंचाळायचे. मग दादा मला कोडी घालायचा, स्वतः रचलेली. उत्तर मागितलं की म्हणायचा, "इचार कर, शोभे. घाई न्हाई." विचार करता करता मला झोप लागायची. दिवसाचा दादा मात्र वेगळा होता. गणित चुकलं की पाटी हातातून हिसकावून घ्यायचा. "घर गेलं, माणसं गेली. आता डोस्क्यात जे जाईल तेवढंच आपलं," हे त्याचं ठरलेलं बोलणं. त्यानं बुडालेली बारावी पुन्हा केली, बी.एस्सी. झाला, एका गॅरेजवरच्या खोलीत शिकवणी सुरू केली. लातूरला तेव्हा नुकतीच क्लासची लाट येत होती. दहा मुलांची चाळीस झाली, मग हॉल झाला, मग रोजच्या तीन बॅचेस.

त्याला एकच मुलगी, मनू. तिच्या बुद्धीची वाढ सावकाश होईल असं डॉक्टरांनी ती दोन वर्षांची असतानाच सांगितलं होतं. सोळा-सतराव्या वर्षीही तिचं मन पाच-सहा वर्षांच्या मुलीचं होतं. कोरोनाच्या वर्षी लातूरच्या सार्वजनिक वाचनालयानं सभासदांसाठी इंटरनेटवर एक पान सुरू केलं. घरच्यांनी मिळून करायच्या गोष्टी त्यावर असायच्या... ऐकायच्या कथा, कोडी, छापून कापायचे मुखवटे, भिंतीवर सावल्या पाडायच्या तऱ्हा. वाचनालय पुन्हा उघडलं तरी तिथल्या ग्रंथपाल बाईंनी ते पान चालू ठेवलं, दर सोमवारी त्यावर नवं काही यायचं. दादा सभासद होता. दुपारची बॅच संपवून तो साडेपाचला घरी यायचा आणि संध्याकाळच्या बॅचपर्यंतचा एक तास मनूचा. जो माणूस पालकांना बजावायचा, "गोष्टीची पुस्तकं दोन वर्षं माळ्यावर टाका," तोच माणूस खालच्या खोलीत नाकावर कागदी सोंड बांधून हत्ती व्हायचा. वहिनी आणि मी सोडून हे फारसं कुणाला माहीत नव्हतं.

माझी कल्याणी आणि मनू एकाच वर्षीच्या. दहावीला कल्याणीला चांगले गुण पडले, तेव्हा दादाचाच फोन आला. "तिला हिकडं पाठव. माझ्या घरात राहील, माझ्याच क्लासला येईल. दोन वर्षं दे मला." आम्हाला आनंदच झाला. मामाचं घर, आणखी काय पाहिजे? वरच्या खोलीत तिची सोय झाली. पहिले काही महिने बरे गेले. पुढे फोनवरचं तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. दोनदा तिनं मला म्हटलं, "आई, मला थोडे दिवस घरी येऊ दे ना." दोन्ही वेळा मी म्हणाले, "मामाचं ऐक. तुझ्या चांगल्यासाठीच आहे." हे शब्द माझे आहेत, दादाचे नाहीत, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

बारावीच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी न कळवता एसटीनं लातूरला गेले. कल्याणी वर टेबलाशी बसलेली होती. मला बघून उठली, पण हसली नाही. तेल लावून द्यावं म्हणून तिची वेणी सोडली, तर डोक्याच्या मागे रुपयाएवढी जागा पार मोकळी. अभ्यास करता करता ती एकेक केस उपटत होती. कधीपासून, तेही तिला सांगता येईना. खालून मनूचं खिदळणं ऐकू येत होतं.

"तू खाली बसत नाहीस का गं कधी त्यांच्यात?" मी विचारलं.

"बसले होते एकदा. मामा म्हणाला, तू वर जा, उद्या टेस्ट हाय. आई, मनूकडून त्याला काहीच नको असतं, म्हणून तो तिच्याशी खेळतो. माझ्याकडून मार्क पाहिजेत."

मी खाली आले. दादा कात्रीनं वाघाचा मुखवटा कापत होता. मी म्हणाले, "दादा, मी कल्याणीला घेऊन चालले."

"येडी का काय तू? परीक्षा तोंडावर आलीय."

"तिचं डोकं बघितलंस का मागून?"

"टेन्शन घेतेत पोरं. माझ्या वर्गात कैक हायेत तशी. परीक्षा झाली की जातंय."

"मनूला असं झालं असतं तर?"

मनू त्याची बाही ओढत होती, "बाबा, कान कापा ना." त्यानं वाघाचा एक कान नीट गोल कापला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या माघारी मनूचं कसं व्हायचं, ह्याचा इचार करत मी रोज उठतो, शोभे. तसला इचार तुला करायची पाळी येऊ नये, म्हणून करायलोय हे सगळं..."

तासाभरात मी कल्याणीची बॅग भरली आणि तिला घेऊन निघाले. दादा दारापर्यंतही आला नाही.

नांदेडला डॉक्टरांना दाखवलं, औषधं चालू झाली. त्या वर्षी तिनं परीक्षा दिलीच नाही. दादाचा फोन नाही, माझाही नाही. महिना असाच गेला आणि एक दिवस बरोबर साडेपाचला त्याचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही. "शोभे, कॉम्प्युटर चालू कर. वाचनालयाचं पान उघड. माझा सभासद नंबर सांगतो, लिहून घे."

"आत्ता? कशाला?"

"मनूला एकटीला करमत न्हाई. तिकडं तुम्ही करा, हिकडं आम्ही करतो."

मला संताप आला होता. तरी मी नंबर लिहून घेतला. फोन टेबलावर ठेवायचा, तो तिकडून कृती वाचायचा, मनू ओरडून काय झालं ते सांगायची, मी इकडे कागद दुमडायचे. कल्याणी त्या खोलीत पायही ठेवत नसे. फोन वाजला की स्वयंपाकघरात जायची. असं सोळा-सतरा दिवस चाललं. एका संध्याकाळी दादानं पानावरचं सोडून आपलंच एक कोडं घातलं, "सगळ्या घराला भाकर देतो, सोता मातर उपाशी. तोंड काळं, पण कुणी नाव ठेवत न्हाई. सांगा कोण?" मनूला येईना. मला येत होतं, पण मी बोलले नाही. आतून भाकरी थापायचा आवाज थांबला आणि कल्याणी म्हणाली, "तवा." पलीकडे दादा घसा खाकरून म्हणाला, "बरोबर हाय." त्या दिवशी त्यानं फोन लवकर ठेवला.

पुढे कल्याणी बसू लागली. पुन्हा बारावी करून आता ती मुखेडच्याच कॉलेजात बी.ए. करतेय. तिची माफी दादानं कधी मागितली नाही, आणि तिनंही तो विषय काढला नाही. एकदा मीच त्याला म्हणाले, "तुझ्या क्लासच्या पोरांनाही हे पान दे की. आठवड्यातून एक तास, घरच्यांबरोबर." तो हसला. "पालक उद्याच्या उद्या दुसऱ्या क्लासला नाव टाकतील." मला हसू आलं नाही. वर्गात तो शेवटपर्यंत तसाच राहिला. मागच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधून बसणारी एखादी मुलगी त्याला दिसत असेल का, दिसली तर तो काय करत असेल, हे त्याला विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही. आता कुणाला विचारू?

अंत्यविधीला कल्याणी आली होती, पण घरात गेली नाही, अंगणातच उभी राहिली. मागच्या आठवड्यात मात्र आपण होऊन म्हणाली, "आई, लातूरला जाऊ." साडेपाचला मनू खालच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. वहिनींना पान उघडता येत नाही, त्यामुळे ती महिनाभर रोज नुसतीच बसत होती. कल्याणीनं नंबर टाकला. त्या आठवड्याच्या पानावर कागदाचं घुबड निघालं. प्रिंटरमधून आलेले कागद मनूनं वाटले... आईला, मला, कल्याणीला, स्वतःला, आणि एक दादाच्या खुर्चीवर ठेवला. "बाबा क्लासला गेलेत. आले की करतील."

वहिनी उठून आत गेल्या. कल्याणीनं थोडा वेळ त्या खुर्चीकडे पाहिलं, मग तो कागद उचलला आणि कापायला घेतला. एक पंख पूर्ण झाल्यावर थांबली. "अर्धं मी करून ठेवते, मनू," ती म्हणाली, "बाकीचं मामाला राहू दे."

तो अर्धा कापलेला कागद अजून खुर्चीवरच आहे, वर कात्री ठेवलेली. वहिनी सांगतात, सकाळी झाडताना त्या ती खुर्ची हलवत नाहीत.