कॅमेऱ्याच्या खिडकीशी

सलिनास शहरातल्या कम्युनिटी कॉलेजात रोसाउरा विल्यासेन्योर दोन वर्षं शिकली आणि फावल्या वेळात तिथल्या कॅमेऱ्यांच्या खोलीत काम करत राहिली. खिडकीतून मुलांना फिल्मसाठी कॅमेरे द्यायचे, परत घेताना काच निरखायची, सही घ्यायची. कॉलेज खरं कसं चालतं हे प्राचार्यांपेक्षा या खिडकीला जास्त ठाऊक असतं, असं तिचं मत होतं.

इथं दोनच वर्षं शिकता यायचं; पदवीची उरलेली दोन वर्षं कुठं करायची, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. लॉस एंजेलिसच्या नावाजलेल्या फिल्म स्कूलनं तिला घेतलं होतं आणि तासाभरावरच्या एका साध्या सरकारी विद्यापीठानंही.

तिची आई कोन्सुएलो सव्वीस वर्षं लेट्यूसच्या मळ्यात, भाजीचे गड्डे जागेवरच धुऊन खोक्यात भरणाऱ्या पॅकिंगच्या गाडीवर उभी होती. गुडघे गेले होते. येत्या नोव्हेंबरात हंगाम संपला की ती काम सोडणार होती. त्याआधी आईच्या टोळीवर फिल्म करायची, हे रोसाउरानं मनाशी पक्कं केलं होतं.

"लॉस एंजेलिसलाच जा," आई म्हणाली. "चर्चमध्ये सगळ्यांना सांगून झालंय माझं."

"मला न विचारताच?"

"तुला विचारलं असतं तर अजून विचारच करत बसली असतीस."

मंगळवारी रोसाउरा बसनं लॉस एंजेलिसला गेली. नव्या मुलांना इमारती दाखवत होते, तिकडं ती फिरकलीच नाही. विचारत विचारत कॅमेऱ्यांच्या खिडकीशी पोचली. आत एक टकले गृहस्थ सँडविच खात होते.

"बाहेरून थेट तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना कॅमेरा कधी मिळतो?"

त्यांनी सँडविच खाली ठेवलं. "तूही खिडकीत बसतेस वाटतं?"

"दोन वर्षं."

"मग तुला काय फसवायचं? पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. आधी इथल्या जुन्या मुलांचा नंबर."

बुधवारी दुसऱ्या विद्यापीठात कॅमेऱ्यांच्या खिडकीतल्या बाईंनी तोच प्रश्न ऐकून किल्ल्यांचा जुडगा हलवला. "सप्टेंबरात वर्ग सुरू झाले की पहिल्याच सोमवारी घेऊन जा. पण जुने आहेत हं. एकाचं बटण तर टूथपिकनं दाबावं लागतं."

संध्याकाळी आई तव्यावर तोर्तिया भाजत होती. रोसाउरानं सगळं सांगितलं.

"आता चर्चमध्ये काय तोंड दाखवू?"

"सांग, सप्टेंबरात पोरगी कॅमेरा घेऊन माझ्या गाडीवर येतेय."

"या अवतारात काढणार मला? डोक्याला फडकं, चिखलाचे बूट?"

"हो. त्याच अवतारात."

आईनं तोर्तिया उलटली. "मध्ये मध्ये आलीस तर मुकादम हाकलेल. त्याच्या आधी मी."

"कोपऱ्यात उभी राहीन."

"गाडीला कोपरा नसतो. माझ्या डाव्या हाताला उभी राहा, तिथं पाणी उडत नाही."

रोसाउरानं फोन काढला आणि शुक्रवारची वाट न पाहता साध्या विद्यापीठाला होकार कळवला. मग विचारलं, "सकाळी किती वाजता सुरू होते गाडी?"

"साडेपाचला. आणि आमची टोळी कुणासाठी थांबत नाही."